अभ्यासाबरोबर कागदही तयार ठेवा!

दरवर्षी जून-जुलै उजाडला की चळवळीत काम करणाऱ्या आम्हा वकिलांकडे पालकांची रीघ लागते. मुलाला सीईटीत चांगले गुण असतात, पण जात पडताळणीचे प्रमाणपत्र हातात नसते. राखीव जागेवरचा हक्क अडकतो आणि दोन वर्षे घासलेल्या पोराच्या तोंडचा घास एका कागदापायी जातो. याला नशीब म्हणून गप्प बसायचे काय?

1907 साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे आपण भाषणांत सांगतो. पण पुढे शिक्षण पैशावाचून अडू लागले तेव्हा सयाजीराव महाराजांकडे शब्दही गुरुजींनीच टाकला. हुशार मुलाला पुस्तक लागते, तसा त्याचा अर्ज पुढे नेणारा माणूसही लागतो. आज प्रत्येक वस्तीत असा माणूस आहे काय?

पडताळणी समितीपुढे अनुसूचित जातीच्या अर्जदाराला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेच्या नोंदवहीतील उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, महार वतनाची जुनी नोंद असे कागद उपयोगी पडतात. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून मुंबई-पुण्यात आलेल्या कुटुंबांचे हे कागद गावाकडच्या तहसीलमध्येच पडून आहेत. ते आठ दिवसांत निघत नाहीत. म्हणून मूल अकरावीत गेले की लगेच अर्ज करावा. वडील, काका, आत्या यांपैकी कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडावे. रक्ताच्या नात्यातील वैधतेला मुंबई उच्च न्यायालयाने 2010 च्या अपूर्वा निचळे प्रकरणात महत्त्व दिले आहे.

दुसरी गोष्ट. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. परंतु केंद्राच्या यादीत 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' ही जात नाही. आयआयटी, एम्ससाठी केंद्राच्या नमुन्यात मूळ जातीची नोंद असलेले प्रमाणपत्र लागते. धर्म बौद्धच लिहावा. त्यात कमीपणा नाही आणि हक्कही जात नाही.

अभ्यासाचेही तसेच. नीटमध्ये 180 प्रश्न, 720 गुण. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीला एक कापला जातो. एमएचटी-सीईटीत गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. नीट मराठीतूनही देता येते. पाच वर्षांच्या वकिलीची सीईटी बारावीनंतरच देता येते. एवढी साधी माहिती लाखो रुपये मोजणाऱ्यांच्या मुलांना पहिल्या दिवशी मिळते. आमच्या मुलांना ती निकालानंतर कळते.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्याच सुमारास अकरावीचे वर्गही सुरू होतात. विहारात रविवारी वंदना झाल्यावर दोन तास या मुलांना द्या. दोन वह्या ठेवा. एकीत सराव परीक्षेचे गुण, दुसरीत कोणाचा कोणता कागद बाकी आहे याची नोंद. गणित शिकवायला वस्तीतला इंजिनिअर बसवा, वह्या तपासायला निवृत्त कारकून. तहसीलच्या खेपा कार्यकर्त्यांनी वाटून घ्याव्यात.

बाबासाहेबांनी संविधानात जागा मिळवून दिली. त्या जागेवर आपले मूल बसते की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

जय भीम!