पुरावा धाराशिवचा, गैरसमज घराघरातले

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची नोंद केली. गावांचे ५२ समूह पाडून त्यांचे चार गट केले. पहिल्या गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची चाचणी, तिसऱ्याची व्हिनेगर लावून केलेली तपासणी आणि चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांचा पाठपुरावा २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाचे बळावलेले कर्करोग आणि त्यामुळे होणारे मृत्यू चौथ्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते.

चौथ्या गटाला तपासणी न देण्यावर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते गंभीर होते. जगाच्या धोरणांना आधार ठरलेलं हे ज्ञान मराठवाड्यातल्या बायकांनी मोठी किंमत देऊन मिळवून दिलं आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभरातल्या जेमतेम दोन स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी करून घेतल्याचं आढळलं. या कर्करोगाने भारतात दरवर्षी ७५ हजारांहून अधिक स्त्रिया दगावतात. सोयींची वानवा आहेच. पण जिथे सोय आहे तिथेही काही समजुती पाय मागे ओढतात. त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १: मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?

त्रास नसतो तीच तपासणीची खरी वेळ. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तर पेशी बिघडून कर्करोग होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. या काळात ना दुखतं, ना अंगावरून लाल जातं. लक्षणं दिसू लागतात तेव्हा आजार बहुतेकदा पुढे गेलेला असतो.

ही बिघडलेली जागा शोधायला महागडं यंत्रही लागत नाही. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावून मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा पडतो. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक स्त्रियांना हे काम शिकवलं. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात एका गटाची दर दोन वर्षांनी तपासणी झाली आणि त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

शक्य असेल तिथे एचपीव्ही चाचणी अधिक भरवशाची. जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी ही चाचणी सुचवते. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी ती पंचविशीपासून आणि कमी अंतराने करायची. या चाचणीसाठी नमुना स्त्रीला स्वतःलाही घेता येतो, त्यामुळे संकोच हा अडसर उरत नाही.

गैरसमज २: हा आजार ‘तसल्या’ बायकांना होतो

या एका वाक्याने किती बायकांना दवाखान्याच्या दारातून परत पाठवलं असेल! ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, या कर्करोगाच्या मुळाशी असल्याचं जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात दाखवलं. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. त्यांच्या कामामुळे विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार जगासमोर आले. जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांमागे हे दोनच प्रकार आहेत.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे खरं. पण तो इतका सर्रास आढळतो, की लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो. दहापैकी नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत त्याला आपोआप घालवतं. जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहिलेल्या स्त्रीलाही तो होऊ शकतो. शिवाय तो वर्षानुवर्षं गुपचूप राहत असल्याने कधी आणि कोणाकडून आला हे सांगता येत नाही. म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली तर नवऱ्याने बायकोवर किंवा बायकोने नवऱ्यावर संशय घेण्याचं कारण नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग झाला, असंही नाही. पुढची तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ.

गैरसमज ३: लसीमुळे पुढे मूल होत नाही

एचपीव्ही लसीत विषाणूच्या बाहेरच्या कवचासारखं प्रथिन असतं. त्यात विषाणूची जनुकं नसतात, त्यामुळे तिच्यातून संसर्ग होणं शक्यच नाही. वंध्यत्वाशी तिचा संबंध असल्याचा पुरावा नाही.

भीतीची मुळं मात्र समजून घ्यायला हवीत. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत लसीचा प्रकल्प चालू असताना सात मुलींचे मृत्यू झाले. हे मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, असं चौकशीत निष्पन्न झालं. पण मुलींच्या पालकांची संमती घेताना झालेली हयगय गंभीर होती आणि संसदीय समितीनेही त्यावर ताशेरे ओढले. लोकांचा विश्वास तुटला तो तिथे. समजावून, विचारून लस देणं हा म्हणूनच कोणत्याही मोहिमेचा पाया असला पाहिजे.

त्याच वेळी पुणे, बार्शीसह देशात अनेक ठिकाणी लसीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना चालू होती. वरच्या घटनांनंतर तीही थांबली आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं, की १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यात आपल्या मुलींचा वाटा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली सर्व्हावॅक ही भारतीय लसही त्याच वर्षी मंजूर झाली.

लस ९ ते १४ या वयात सर्वांत उपयोगी, कारण विषाणूशी गाठ पडण्याआधी ती द्यायची असते. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. लस घेतलेल्यांनीही तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण विषाणूचे सगळेच प्रकार लसीच्या कक्षेत येत नाहीत.

गैरसमज ४: पिशवी काढून टाकली की चिंता मिटली

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार, पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कित्येकींनी चाळिशीही गाठली नव्हती. पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातली, की ती मुकाट तयार होते. पाळीच्या दिवसांत मजुरीवर पडणारा खाडा हेही कारण असतंच.

अंगावरून पांढरं जाण्यामागे बहुतेक वेळा साधा संसर्ग असतो आणि तो औषधांनी बरा होतो. गर्भाशयमुखावर कर्करोगपूर्व बदल सापडले, तर तेवढाच भाग उष्णता देऊन नष्ट करता येतो किंवा कापून काढता येतो. बहुतेकदा पिशवीला हात लावावा लागत नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही कमी वयात काढली, तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून कोणी ‘पिशवी काढा’ म्हटलं, तर तपासणीचा कागद मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तो तुमचा हक्क आहे.

गैरसमज ५: पॅप चाचणी चांगली आली म्हणजे आतलं सगळं ठीक

पॅप आणि एचपीव्ही चाचण्या गर्भाशयमुखापुरत्या आहेत. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा आणि अंडाशयाचा कर्करोग हे वेगळे आजार.

अस्तराच्या कर्करोगाचा इशारा बहुधा वेळेवर मिळतो. तो झालेल्या दहापैकी नऊ स्त्रियांना पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलेलं असतं. ‘उष्णतेमुळे झालं असेल’ म्हणून ते अंगावर काढू नये. असं रक्त दिसलेल्या बहुतेकींना कर्करोग नसतो, पण शंभरातल्या साधारण नऊ जणींना असतो. एकदाच, थेंबभर दिसलं तरी दाखवावं.

अंडाशयाच्या कर्करोगासाठी निरोगी स्त्रियांना उपयोगी पडेल अशी चाळणी चाचणी आजही नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात सीए-१२५ ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी वर्षानुवर्षं करून पाहिली. मृत्यू घटले नाहीत. त्यामुळे पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं हे काही आठवडे टिकलं, तर केवळ ‘गॅस’ समजू नये. या आजारात घराण्याचाही विचार करावा लागतो. आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग असेल, तर बीआरसीए जनुकांच्या चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उलट स्थिती: घरात कोणाला नसला, तरी तपासणी हवीच.

गैरसमज ६: कॅन्सर म्हटलं की संपलंच

गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर सापडला तर बहुतेक स्त्रिया बऱ्या होतात. तो पुढे गेला तरी उपचार सोडून देऊ नयेत. टाटा मेमोरियलमध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात किरणोपचारांना केमोथेरपीची जोड दिल्यावर पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. शंभरातल्या आठ जणी म्हणजे आठ संसार.

घरातल्या प्रत्येकाला यात काम आहे. तिशी उलटलेल्या बाईने जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे तपासणीची चौकशी करावी. नवऱ्याने तिच्यासोबत जावं, आणि त्या दिवसाचा स्वयंपाक-पाणी स्वतः पाहावं. मुलगी नऊ वर्षांची झाली की आईवडिलांनी लसीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. सासूबाईंना पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर सुनेने त्यांना त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यावं. धाराशिवच्या, मुंबईच्या, बार्शीच्या स्त्रियांनी दिलेला पुरावा अशा घराघरांतच कामी यायचा आहे.