जुन्या डिझेल ट्रॅक्टरला नवी बॅटरी घेताना



मृगाचा पाऊस पडून गेला आहे, जमिनीला वाफसा आला आहे, पेरणीयंत्र ट्रॅक्टरला जोडून तयार आहे. आणि किल्ली फिरवली तर सेल्फ नुसता 'कट्' आवाज करून गप्प बसतो. मग माणसं गोळा करा, धक्का मारा, नाहीतर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून घ्या. वाफसा तोवर थांबत नाही. म्हणून बरेच जण ट्रॅक्टर उतारावर उभा करतात आणि चाकाखाली दगड लावून ठेवतात. काही जण तर खाली उभं राहून सेल्फच्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवतात. ही खोड फार वाईट. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर इंजिन लागताक्षणी तो पुढे निघतो, आणि मागचं मोठं चाक थेट माणसाच्या अंगावर येतं. बॅटरीची चालढकल इतकी महागात पाडून घेऊ नका.

पण दुकानात जाण्याआधी बॅटरीच गेली आहे, याची खात्री करा. पुढचे दिवे लावा आणि सेल्फ मारून पाहा. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर दोष बहुधा स्विचमध्ये किंवा सेल्फमध्ये असतो. तिथं नव्या बॅटरीने काही होणार नाही. सेल्फ मारून झाल्यावर केबलच्या सांध्यांना बेताने हात लावून पाहा. एखादा सांधा गरम लागला, तर करंट तिथंच अडतो आहे. जुन्या ट्रॅक्टरमध्ये बॉडीला जोडलेली अर्थिंगची पट्टी गंजलेली असते आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही. ती सोडवा, गंज खरवडून धातू उघडा करा आणि पुन्हा घट्ट आवळा. एवढ्यानेसुद्धा काही 'मेलेल्या' बॅटऱ्या जिवंत होतात.

त्यानंतर हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातल्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व तपासा. पुरी चार्ज झालेली बॅटरी १.२६० ते १.२८० दाखवते, १.१५० च्या खाली असेल तर ती उतरलेली समजा. सहाही कप्पे सारखेच कमी असतील, तर आधी चार्ज करून पाहा. पाच कप्पे चांगले आणि एकच फार खाली असेल, तर ती बॅटरी गेली. इंजिन मध्यम वेगात चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. १३ च्याही खाली राहिले, तर डायनॅमो, त्याचा पट्टा किंवा कटआउट आधी दुरुस्त करा. नाहीतर नवी बॅटरीही दोन महिन्यांत जुनीसारखीच वागू लागेल. १५ च्या वर गेले, तर जादा चार्जिंगने पाणी आटून प्लेटी जळतील.

आता निवडीकडे वळू. बॅटरीवर लिहिलेला अँपिअर-अवरचा आकडा तेवढा पाहून लोक बॅटरी उचलतात. हा आकडा २० तासांच्या हिशेबाने काढलेला असतो. ८० अँपिअर-अवरची बॅटरी २० तास ४ अँपिअर देईल, एवढाच त्याचा अर्थ. डिझेल इंजिनाला मात्र ज्वलनासाठी हवा खूप दाबावी लागते, त्यामुळे ते फिरवताना सेल्फ काही सेकंदांपुरते २००-३०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक ओढतो. हा झटका देण्यासाठी बॅटरीत पुष्कळ पातळ प्लेटी लागतात. काही बॅटऱ्यांवर थंडीतल्या स्टार्टिंगचा आकडा, सीसीए, छापलेला असतो. दोन सारख्या बॅटऱ्यांत निवड करायची असेल, तर तो जास्त असलेली घ्या.

३५ ते ४५ अश्वशक्तीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना १२ व्होल्टची, ७५ ते ८८ अँपिअर-अवरची बॅटरी लागते. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच धरा. त्याहून कमी घेऊ नका. थोडी मोठी चालेल. डायनॅमो त्यामुळे जळत नाही, ती समजूत चुकीची आहे. पण उतरलेली मोठी बॅटरी भरायला वेळ जास्त लागतो. जुना डायनॅमो मंद इंजिनावर जवळजवळ काहीच देत नाही. ट्रॅक्टर दिवसातून दहादा बंद-चालू करून वाडीवरून शेतात एवढाच नेत असाल, तर मोठी बॅटरी कायम अर्धपोटीच राहील.

घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी लावायचा मोह होतो. १५० चा आकडा बघून वाटतं, ही तर दुप्पट ताकदीची! ती बॅटरी तासन्‌तास थोडा थोडा करंट देण्यासाठी बनवलेली असते. ती वजनाला भारी आणि उंचीला जास्त, ट्रॅक्टरच्या पेटीत बसत नाही आणि नांगरणीतले हादरे तिला मानवत नाहीत. कारची छोटी बॅटरीही नको. ती उन्हाळ्यात एखादा दिवस ट्रॅक्टर चालू करून दाखवेल, पण माघातल्या पहाटे दगा देईल.

पाणी न लागणाऱ्या, बंद झाकणाच्या बॅटऱ्या आता सगळीकडे मिळतात. आल्टरनेटर आणि चांगला रेग्युलेटर असलेल्या ट्रॅक्टरला त्या ठीक आहेत. डायनॅमो आणि जुनाट कटआउट असलेल्या ट्रॅक्टरला मात्र मी झाकणं उघडणारीच बॅटरी घ्यायला सांगतो. तिथं चार्जिंग कमी-जास्त होतं, पाणी आटतं, आणि बंद बॅटरीत ते वरून घालता येत नाही.

जुनी पेटी मापून न्या: लांबी, रुंदी आणि उंची. बॅटरी उंच झाली, तर तिचं टोक बॉनेटच्या पत्र्याला टेकून ठिणगी पडते. आग लागायला तेवढं पुरतं. धन टोक डाव्या बाजूला की उजव्या, हेही लिहून न्या. ते उलट्या बाजूला आलं, की केबल पुरत नाही आणि घाईत उलटी जोडणी होते. आल्टरनेटर असेल तर त्याचे डायोड तत्क्षणी जळतात. काही जुन्या इंग्लंडी बनावटीच्या ट्रॅक्टरांना धन टोकच बॉडीला जोडलेलं असतं, म्हणून जुनी जोडणी कशी होती ते काढण्यापूर्वीच पाहून ठेवा. काही ट्रॅक्टरांना ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्या बदलायच्या तर दोन्ही एकदम बदला, एकाच मापाच्या आणि एकाच वयाच्या. एक नवी आणि एक जुनी लावली, तर जुनी नवीला ओढून खाली नेते.

दुकानात बनावटीचा महिना विचारा. सहा महिने फळीवर पडून असलेली भरलेली बॅटरी नको. मीटर लावायला सांगा, १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर घेऊ नका. कोरडी बॅटरी घेतली, तर आम्ल भरून, ते प्लेटीत मुरू देऊन आणि पहिलं चार्जिंग करूनच घरी आणा. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. शिशाची किंमत नव्या बिलातून वजा होते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे. ती भंगारात फोडू नका आणि बांधावर टाकू नका. शिसं विहिरीच्या पाण्यात उतरलं तर पोरांच्या मेंदूला अपाय होतो.

बसवताना बॉडीची केबल काढायची आधी आणि लावायची शेवटी. जवळ बिडी-काडी नको, चार्ज होताना निघणारा वायू पेट घेतो. बॅटरी पट्टीने घट्ट आवळा, टर्मिनलला व्हॅसलिन लावा. पाणी आटलं तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, आणि वरून आम्ल तर कधीच नको. ट्रॅक्टर पावसाळ्यात महिना-दीड महिना उभा राहणार असेल, तर बॉडीची केबल सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करून घ्या.