दातांना न बाधणारी गोडी

रात्री दात घासून झाल्यावर नातवाच्या हाती हळूच पेढा ठेवणारे आजोबा आपल्याही घरी असतील. दातांवरच्या थरातील जिवाणू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि तेथील सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात.

या जिवाणूंना आंबवताच येणार नाही अशी साखर दिली तर? फिनलंडमधील तुर्कू येथे १९७० च्या दशकात दोन वर्षे हा प्रयोग झाला. एका गटाला नेहमीची साखर, दुसऱ्याला फळशर्करा, तिसऱ्याला झायलिटॉल देण्यात आले. तिसऱ्या गटात नवी कीड फारच कमी आढळली. झायलिटॉल बर्च, म्हणजे आपल्या भूर्जाच्या कुळातील झाडाच्या लाकडापासून मिळवता येते.

प्रीबायोटिकची कल्पना याहून एक पाऊल पुढची आहे: उपद्रवी जिवाणूंची उपासमार करण्याऐवजी उपकारक जिवाणूंना पोसायचे. आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तोंडातील काही जिवाणू अमोनिया बनवतात आणि त्यामुळे आम्लता उतरते. हिरड्यांच्या विकारांबाबत मात्र इतका भरवसा अजून देता येत नाही.

तेव्हा ‘शुगर-फ्री’ गोळी चघळली म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासणे सोडू नका. झायलिटॉल अधिक झाल्यास जुलाब होतात. घरात कुत्रा असेल, तर त्या गोळ्या त्याच्यापासून दूरच ठेवा. त्याच्यासाठी ते प्राणघातक विष आहे.