पक्षाघातानंतरचा न विचारला जाणारा प्रश्न

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना सहसा दोन प्रश्न विचारतात. हात-पाय पुन्हा हलतील का, आणि वाचा परत येईल का? तिसरा प्रश्न मनात असूनही विचारला जात नाही. शौचावरील ताबा सुटला आहे किंवा आठ-आठ दिवस पोट साफ होत नाही, हे सांगण्यास रुग्णाला लाज वाटते आणि विचारण्यास इतरांना संकोच वाटतो. परिणामी ही तक्रार अनेकदा उपचाराविनाच राहते.

हा दुर्लक्षित प्रश्न संशोधनाचा विषय बनविणाऱ्यांमध्ये लंडनमधील वृद्धरोगतज्ज्ञ डॉ. डॅनिएल हरारी यांचे नाव महत्त्वाचे आहे. पक्षाघातानंतर उद्भवणारे आतड्याचे विकार हे मेंदूला झालेल्या इजेचे अटळ फलित आहेत, अशी सर्वसाधारण समजूत होती. ती पूर्णपणे खरी नाही, असे त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसून आले.

डॉ. हरारी यांनी या विषयाकडे प्रथम वृद्धांच्या बद्धकोष्ठतेच्या दिशेने पाहिले. अमेरिकेतील संशोधकांसमवेत केलेला त्यांचा एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील माहितीच्या आधारे केलेल्या या अभ्यासात एक विसंगती आढळली. वय वाढते तसे बद्धकोष्ठतेची तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण वाढते. मात्र शौचास होण्याची वारंवारता त्या प्रमाणात कमी होत नाही. अनेक वृद्धांच्या दृष्टीने बद्धकोष्ठता म्हणजे शौचास कमी वेळा होणे नव्हे, तर शौचाच्या वेळी कुंथावे लागणे होय. त्यामुळे रुग्णाला नेमका त्रास कोणता, हे विचारून घेतल्याखेरीज रेचक देणे योग्य नाही, हा धडा त्यातून मिळाला.

नोंदवहीतून उघड झालेले चित्र

पुढील टप्पा पक्षाघाताच्या रुग्णांचा होता. दक्षिण लंडनमध्ये १९९५ पासून पक्षाघाताच्या रुग्णांची एक नोंदवही ठेवली जात आहे. विशिष्ट वस्तीत राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच झटका आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद त्यात घेतली जाते व पुढे अनेक वर्षे त्याच्या प्रकृतीचा मागोवा घेतला जातो. रुग्ण रुग्णालयात दाखल झालेला असो वा नसो, त्याची नोंद होते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

या नोंदवहीच्या आधारे डॉ. हरारी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये 'स्ट्रोक' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. झटक्यापूर्वी ज्यांना अशी तक्रार नव्हती, अशाच रुग्णांचा त्यात विचार करण्यात आला. झटक्यानंतर ७ ते १० दिवसांनी यांपैकी ३० टक्के रुग्णांचा शौचावरील ताबा सुटलेला होता. ३ महिन्यांनी हे प्रमाण ११ टक्क्यांवर आले, १ वर्षानंतरही ते ११ टक्केच होते आणि ३ वर्षांनंतर १५ टक्के आढळले.

वरवर पाहता ३ महिन्यांनंतर स्थिती जैसे थे राहिली, असे वाटते. प्रत्यक्षात त्या आकड्यांमागील माणसे बदलली होती. ३ महिन्यांनी ज्यांना ही तक्रार होती, त्यांपैकी एक तृतीयांश रुग्ण वर्षभरात बरे झाले. उलट, वर्षानंतर तक्रार असणाऱ्यांपैकी ६३ टक्के रुग्णांना ३ महिन्यांच्या वेळी ती नव्हती. म्हणजेच हा विकार जसा जाऊ शकतो, तसा उशिराने उद्भवूही शकतो. केवळ मेंदूची इजा हेच कारण असते, तर असे घडणे समजण्यासारखे नव्हते.

कारणे मेंदूबाहेरचीही

३ महिन्यांनंतरच्या तक्रारीशी दोन गोष्टींचा स्वतंत्र संबंध असल्याचे या अभ्यासात दिसले. पहिली म्हणजे शौचालयात जाण्यासाठी दुसऱ्याच्या मदतीची गरज असणे. दुसरी म्हणजे विशिष्ट प्रकारची औषधे चालू असणे. मज्जातंतूंकडून आतड्याच्या स्नायूंना मिळणारे संदेश ही औषधे क्षीण करतात, त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावते. लघवीची घाई कमी करणारी काही औषधे आणि नैराश्यावरील काही जुनी औषधे या गटात मोडतात.

या दोन्ही बाबींवर उपाय शक्य आहे. ज्याला शौचाची जाणीव होते, पण उठून वेळेत पोहोचता येत नाही, त्याचा ताबा गेलेला नसतो. त्याला हात देणारे कोणी नसते. खाटेजवळ शौचाची खुर्ची ठेवणे, भिंतीला धरण्याची दांडी बसविणे, सहज सोडता येतील असे कपडे घालणे आणि हाक मारताच कोणीतरी येणे, एवढ्यानेही फरक पडू शकतो. औषधांचा फेरविचार मात्र डॉक्टरांनीच करावयाचा असतो.

आणखी एक कारण वारंवार चकवा देते. आतड्याच्या शेवटच्या भागात कडक मळाचा गोळा अडकून बसतो आणि त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपत राहतो. घरच्यांना हे जुलाब वाटतात. जुलाब थांबविण्याचे औषध दिले, तर मूळ अडथळा अधिकच घट्ट होतो. डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित परिचारिकेने गुदमार्गाची तपासणी केल्यास बहुतेक वेळा याचे निदान काही मिनिटांत होते. पण संकोचापोटी नेमकी हीच तपासणी टाळली जाते.

एका भेटीचा परिणाम

कारणे दूर करता येण्याजोगी असतील, तर ती शोधून उपयोग होतो का, हे तपासण्यासाठी डॉ. हरारी आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. बद्धकोष्ठता किंवा शौचावर ताबा नसणे ही तक्रार असलेले पक्षाघाताचे १४६ रुग्ण तीत सहभागी झाले. त्यांपैकी बहुसंख्य घरी राहणारे होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. दुसऱ्या गटातील प्रत्येकाची परिचारिकेने एकदाच सविस्तर विचारपूस व तपासणी केली, रुग्णाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला माहिती व पुस्तिका दिली आणि उपचारांबाबतच्या शिफारशी डॉक्टरांना कळविल्या.

६ महिन्यांनंतर रुग्णांनी आठवडाभर ठेवलेल्या नोंदी तपासण्यात आल्या. परिचारिकेने तपासलेल्या गटात ७२ टक्के वेळा शौच सामान्य स्वरूपाचे होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ५५ टक्के होते. आठवड्यातून शौचास होण्याची सरासरी अनुक्रमे ५.२ आणि ३.६ अशी होती. वर्षभरानंतरही पहिल्या गटातील रुग्ण आहार आणि पाणी पिण्याच्या सवयींत अधिक प्रमाणात बदल करीत असल्याचे आढळले.

या चाचणीची मर्यादाही स्पष्ट आहे. शौचावरील ताबा सुटण्याच्या प्रमाणात लक्षणीय घट सिद्ध झाली नाही. अशा रुग्णांची संख्या त्यासाठी अपुरी होती. या विषयावरील संशोधन अजूनही तोकडे आहे. तरीही एका परिचारिकेच्या एकाच भेटीचा परिणाम महिनोन् महिने टिकू शकतो, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. झटक्यानंतर २ आठवड्यांनीही ताबा आलेला नसेल, तर कारण शोधण्यासाठी रुग्णाची पुन्हा तपासणी करावी, अशी शिफारस ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत करण्यात आली आहे.

घराच्या दृष्टीने महत्त्व

या तक्रारीचे मोल केवळ स्वच्छतेपुरते नाही. २००३ च्या अभ्यासात, ३ महिन्यांनी शौचावर ताबा नसलेल्यांपैकी २८ टक्के रुग्णांना शुश्रूषागृहात कायमचे राहावे लागले. इतरांमध्ये हे प्रमाण ६ टक्के होते. वर्षभरात मृत्यू पावलेल्यांचे प्रमाणही २० टक्के विरुद्ध ८ टक्के असे होते. ताबा सुटणे हेच मृत्यूचे कारण, असा याचा अर्थ नव्हे. अशा रुग्णांचा आजारही अधिक गंभीर असतो. मात्र रुग्ण आपल्या घरी राहू शकेल की नाही, हे ठरविण्यात या तक्रारीचा वाटा मोठा असतो.

भारतात पक्षाघाताच्या रुग्णाची शुश्रूषा बहुधा घरातच होते आणि तिचा भार बहुतेक वेळा पत्नी, मुलगी वा सून वाहते. जमिनीलगतच्या भारतीय बैठकीच्या शौचालयात एका बाजूचे बळ गेलेल्या माणसाला बसणे व उठणे कठीण जाते. त्या भीतीने काही जण कमी खातात, पाणी कमी पितात आणि बद्धकोष्ठता वाढवून घेतात. जेवणानंतर आतड्याची हालचाल स्वाभाविकपणे वाढते. म्हणून न्याहारीनंतर ठरावीक वेळी, पाय नीट टेकवून, घाई न करता बसविण्याची सवय उपयुक्त ठरते. गिळण्यास त्रास असलेल्या रुग्णाचे पाणी व आहार मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वाढवावेत. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा पोट फुगून दुखणे अशी लक्षणे असल्यास विलंब न करता तपासणी करून घ्यावी.

रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वी हात-पायांच्या व्यायामाबरोबरच शौचाविषयीही डॉक्टरांशी वा परिचारिकेशी स्पष्टपणे बोलून घेणे, ही त्यासाठीची पहिली पायरी आहे. रुग्ण संकोचाने गप्प असेल, तर हा प्रश्न घरच्यांनी विचारावयास हवा.