पिल्लाचे पहिले शंभर दिवस

कुत्र्याचे पिल्लू घरी आणताना आपण त्याची जात पाहतो, रंग पाहतो, कानांचा डौल पाहतो; वय मात्र क्वचितच विचारतो. वास्तविक ते पुढे मनमिळाऊ निघेल की भित्रे व चावरे, हे पुष्कळ अंशी त्याच्या कोवळ्या वयातील संगोपनावर ठरते.

पिल्लाच्या मनाची कवाडे साधारणतः ३ऱ्या आठवड्यापासून १२व्या ते १४व्या आठवड्यापर्यंत उघडी असतात. या काळात जे दिसते, ऐकू येते, ते त्याला आपल्या जगातले वाटते. पुढे अनोळखी गोष्टीविषयी कुतूहलापेक्षा भयच अधिक वाटू लागते. अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील प्रयोगशाळेत काही पिल्ले १४ आठवडे माणसाच्या सहवासावाचून वाढविण्यात आली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ती माणसाला पाहताच रानटी जनावरांसारखी दूर पळत; मागाहून त्यांच्याशी स्नेह जोडणे जवळजवळ अशक्य झाले.

मात्र ८ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडूही नये. दात किती जोराने लावावेत, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकते. म्हणजे आपल्या वाट्याला येतात अवघे सहा आठवडे!

नेमकी इथेच घरच्यांची पंचाईत होते. लसींचा क्रम ६व्या ते ८व्या आठवड्यापासून १६व्या आठवड्यापर्यंत चालतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग जीवघेणे; म्हणून सर्व लसी टोचून होईपर्यंत पिल्लाला उंबरठ्याबाहेर काढू नये, असा सल्ला मिळतो. तो तंतोतंत पाळला तर रोग टळतो, पण मनाची कवाडे मिटतात. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संस्थेने २००८ साली यावर मध्यम मार्ग सांगितला: जंताचे औषध व पहिली लस देऊन किमान ७ दिवस झाले, की सावधगिरीने ओळखी सुरू कराव्यात.

सावधगिरी म्हणजे पिल्लाला रस्त्यावर किंवा बागेत खाली सोडू नये. कडेवर घेऊन फिरवावे. लसी दिलेल्या, शांत स्वभावाच्या ओळखीच्या कुत्र्यांशीच त्याची गाठ घालावी. कुकरची शिट्टी, आरतीच्या झांजा, उघडलेली छत्री, काठी टेकीत येणारे आजोबा हे सारे त्याला घरीच भेटते. इंदूरला अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे ढोल, बडोद्याला उत्तरायणाचा गच्च्यांवरील कल्लोळ आणि सर्वत्र दिवाळीचे फटाके. असे आवाज प्रथम दुरून, हळू ऐकवावेत व त्याच वेळी खाऊचा कण द्यावा. शेपूट पायांत गेली, कान मागे पडले, की अंतर वाढवावे. बळेच पुढे ओढल्याने भीती जात नाही, मुरते.

शिस्तीचेही तसेच. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळून झाल्यावर पिल्लाला ठरलेल्या जागी न्यावे आणि काम उरकताच तिथेच शाबासकी द्यावी. घरात घाण केल्यावर तासाभराने मारले, तर मार कशाचा हे त्याला उमगत नाही. मारणारा हात तेवढा लक्षात राहतो. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञाच्या जागी आलेल्या सरमेच्या पिल्लाला झोडपतात. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेदेखील नव्हते. निरपराध लेकराला का मारले, या सरमेच्या प्रश्नाला कोणापाशीच उत्तर नव्हते. पुष्कळ घरांत ते आजही नसते.

मुलांनाही शिकवण हवी. जेवत्या वा झोपलेल्या पिल्लाला हात लावू नये. ते दात लावू लागले, की ओरडण्याऐवजी खेळ थांबवावा. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे होताच द्यावी. दात किंवा नख लागून ओरखडा जरी उठला, तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरचेच पिल्लू आहे म्हणून चालढकल करू नये.

तेव्हा पिल्लू आणण्याचा दिवस घरातील परीक्षा, लग्नकार्य वा प्रवास पाहून निवडावा. त्या सहा आठवड्यांत घरातील एका तरी माणसाला त्याच्यासाठी सवड असली पाहिजे.