मेंदूतली गाठ आणि मुळाशी उरणाऱ्या पेशी

मेंदूत गाठ निघाली की डॉक्टर अनेकदा डेक्सामेथासोन सुरू करतात. दोन-तीन दिवसांत डोकेदुखी उतरते, उलट्या थांबतात, ओढत चालणारा पाय जरा नीट पडू लागतो. घरच्यांना वाटतं, गुण आला. ओसरलेली असते ती गाठीभोवतीची सूज. गाठ जागच्या जागी असते. ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत दांडग्या प्रकारात पुढेही हीच फसगत होते. ऑपरेशननंतरचा एमआरआय स्वच्छ दिसतो आणि काही महिन्यांत गाठ बहुधा जुन्या जागेलगतच पुन्हा डोकं वर काढते.

ती येते कुठून? टोरांटोच्या शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांनी २००४ साली दिलेलं उत्तर गाजलं. माणसाच्या गाठीतल्या, सीडी१३३ ही खूण असलेल्या पेशी त्यांनी वेगळ्या काढून उंदरांच्या मेंदूत सोडल्या. अवघ्या १०० पेशींतून मूळ गाठीसारखी गाठ उभी राहिली. खूण नसलेल्या १ लाख पेशींतून काहीच उगवलं नाही. गाठ नव्याने उभी करणाऱ्या पेशींना कर्करोगाच्या मूलपेशी म्हणतात. २००६ मध्ये जेरेमी रिच यांच्या गटाने दाखवलं की या पेशी रेडिएशनने तुटलेला डीएनए इतरांपेक्षा चांगला सांधतात. म्हणजे शेकाने (रेडिएशनने) गाठ लहान होते, पण उरतात त्या नेमक्या बेरक्या.

यवतमाळच्या काळ्या रानात ज्याने कुंदा काढला आहे, त्याला हे वेगळं समजावायला नको. डवरणी झाली, निंदण झालं, रान स्वच्छ दिसलं, तरी खाली मुळ्या शाबूत असतात. पण ही उपमा एका जागी तोकडी पडते. साधं गवत काही कुंदा होत नाही. गाठीत मात्र तसं होऊ शकतं. खूण नसलेल्या पेशींतूनही गाठी होतात, हे पुढच्या काही वर्षांत इतर प्रयोगशाळांनी दाखवलं. साधी दिसणारी पेशी मूलपेशीचं वागणं उचलते. ‘मूळ उपटा, रोग संपला’ हा सुरुवातीचा उत्साह त्यामुळे बराच निवला, आणि ते बरंच झालं.

महाराष्ट्रातलं काम या वळणावरचंच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अंजली शिरस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ग्लायोमा या मेंदूच्या गाठीतून प्रयोगशाळेत वाढवलेल्या दोन पेशीवंशांची नोंद केली. एचएनजीसी-१ संथ वाढणारा, गाठ न करणारा. त्याच्यातूनच आपोआप निघालेला एचएनजीसी-२ आक्रमक. निरुपद्रवी पेशी बिघडत कर्करोगाची मूलपेशी कशी होते, ते त्यांनी २००७ मध्ये याच जोडीवर मांडलं. खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये शिल्पी दत्त यांच्या गटाने २०१५ साली शेकातून वाचलेल्या पेशींचा माग काढला. या पेशी काही काळ विभाजन थांबवतात, एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या थोराड पेशी होतात आणि मग पुन्हा वाढीला लागतात.

रुग्णाच्या पदरात यातून काय पडलं? खरं सांगायचं तर अजून थोडं. या पेशींनाच टिपणारं औषध नेहमीच्या उपचारांत आलेलं नाही. आधार आहे तो २००५ च्या रॉजर स्टुप यांच्या चाचणीचा: सहा आठवडे शेक आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल, नंतर दर २८ दिवसांत पाच दिवस तेच औषध. रुग्णांच्या जगण्याचा मध्यक काळ १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेला. दोन वर्षं जगणारे शेकडा १० होते, ते २६ झाले.

जाता जाता एक. ‘मूलपेशी’ ऐकून कुणी ‘स्टेमसेल उपचारा’च्या जाहिरातींकडे वळू नये. तिथे पेशी शरीरात सोडायच्या असतात. इथे मारायच्या आहेत.

आर्णी-उमरखेडकडच्या कुटुंबाला हे सहा आठवड्यांचे शेक म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज यंत्राखाली, चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ करून बसवलेला जाळीचा मास्क, आणि नागपूर किंवा सेवाग्रामला मुक्काम. धामणगावहून गाडी धरून मुंबईच्या टाटा रुग्णालयात गेलेल्यांपैकी अनेकांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. पेरणी आली म्हणून शेक मध्येच सोडले, तर गाठीला वाढायला उसंत मिळते. आणखी एक: ऑपरेशन झालं त्या रुग्णालयातून गाठीचा तुकडा जपलेला मेणातला ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात. टेमोझोलोमाइड कितपत लागू पडेल, याचा अंदाज देणारी एमजीएमटी चाचणी त्याच ब्लॉकवर होते, आणि मोठ्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी तो मागतात.