जानेफळमध्ये घरी इंटरनेट घ्यायचं तर कोणाचं? पुण्याचा सल्ला इथं का चालत नाही

पुण्यात नोकरीला असलेला पोरगा फोनवर सांगतो, "बाबा, या कंपनीचं घ्या, माझ्याकडं एक नंबर चालतंय." बाबा चौकशी करतात, तर त्या कंपनीची वायर गावात आलेलीच नसते. दुसरा कोणी म्हणतो डिश लावा, तिसरा म्हणतो मोबाइलचंच नेट पुरे. शेवटी एखादा एजंट घरी येतो, सहा महिन्यांचे पैसे एकदम घेतो आणि मग खरी परीक्षा सुरू होते.

मुळात शहरात आणि आपल्याकडं हा प्रश्नच वेगळा आहे. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात एका अपार्टमेंटमध्ये तीन-चार कंपन्यांच्या वायरी आलेल्या असतात. एकानं त्रास दिला की माणूस दुसऱ्याकडं जातो. कंपनीचा हिशोब सोपा आहे. शहरात एक किलोमीटर वायर ओढली की शेकडो घरं मिळतात, गावात पन्नास-शंभर, आणि वावरातल्या घरांकडं गेलं तर दोन किंवा तीन. खर्च मात्र तोच. म्हणून देशात मार्च 2024 अखेर 95 कोटींवर इंटरनेट ग्राहक असले, तरी वायरनं जोडलेले त्यात चार कोटींच्या आसपासच होते. बाकी सगळे मोबाइलवर.

त्यामुळं "सगळ्यात चांगली कंपनी कोणती" हे विचारण्यात इथं फारसा अर्थ नाही. आपल्या गल्लीपर्यंत काय पोचलंय आणि बंद पडलं तर कोण येणार, हे विचारायचं.

वायरवालं नेट

पहिली पसंती फायबरलाच द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. काचेच्या बारीक तारेतून उजेडानं सिग्नल येतो. पाऊस, ढग, टॉवरवरची गर्दी याचा त्यावर परिणाम होत नाही. गावातल्या किंवा जवळच्या केंद्रात एक मोठं मशीन असतं, तिथून निघालेली एक तार वाटेत फोडून 32 किंवा 64 घरांना दिली जाते. वाटेतल्या या फोडणीला वीज लागत नाही. वीज लागते ती फक्त दोन टोकांना: तिकडच्या मशीनला आणि तुमच्या घरच्या डब्याला.

इथंच गावची मेख आहे. तुमच्या घरी इन्व्हर्टर आहे, लाइट गेली तरी डबा चालू आहे, पण केबलवाल्याच्या खोलीतली बॅटरी मेलेली असेल तर नेट बंदच. म्हणून कनेक्शन घेण्याआधी केबलवाल्याला विचारा, "लाइट गेल्यावर तुमच्याकडचं मशीन किती तास चालतं?" उत्तर देताना तो इकडंतिकडं पाहायला लागला तर समजून घ्या. घरच्या डब्यासाठी छोटा राउटर यूपीएस मिळतो. मात्र घेताना डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते पाहून घ्या. बहुतेक डबे 12 व्होल्टचे असतात, पण सगळे नाही.

बीएसएनएलचं फायबर गावागावांत बऱ्याचदा स्थानिक केबलवाल्यामार्फत दिलं जातं. नेट बीएसएनएलचं, घरापर्यंतची वायर आणि दुरुस्ती केबलवाल्याची, आणि बिलात दोघांचा वाटा. एकाच कंपनीचं नेट एका गावात झकास आणि दहा किलोमीटरवर रडकं, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कंपनी तीच, पण केबलवाला वेगळा. ज्याच्याकडं तार जोडायचं स्वतःचं मशीन आहे तो दोन तासांत जोडून देतो. ज्याच्याकडं नाही, तो मेहकर किंवा खामगावहून माणूस येईपर्यंत थांबायला लावतो.

आणि तार तुटतेच. विजेच्या खांबावरून लोंबणारी वायर कुटारानं भरलेल्या ट्रॉलीत अडकते, माकडं ओढतात, रस्त्याच्या कामात जेसीबी लागतो. डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला की समजा उजेड येत नाही, म्हणजे तार कुठंतरी तुटली किंवा जास्त वाकली. तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढंच न सांगता "एलओएस लाल आहे" असं सांगा. समोरचा मग राउटर बंद-चालू करायला सांगून अर्धा दिवस घालवणार नाही. दिवा लाल नसेल आणि तरी नेट नसेल, तर बिघाड बहुधा पुढं कुठंतरी आहे. शेजाऱ्याचं चालू आहे का ते आधी बघा.

डिशवालं, म्हणजे हवेतलं नेट

जिओचं एअरफायबर 19 सप्टेंबर 2023 ला सुरू झालं, एअरटेलनंही त्याच वर्षी तशी सेवा आणली. छतावर अँटेना लावतात, तो टॉवरकडून सिग्नल घेतो आणि आत वायफाय देतो. नावात फायबर असलं तरी तुमच्या घरापर्यंत तार येत नाही. वावरात राहणाऱ्यांना आणि वायर न पोचलेल्या वस्त्यांना हा पर्याय खरंच कामाचा आहे.

पण टॉवर हा सगळ्यांचा मिळून असतो. श्री गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर जानेफळात येते तो दिवस आठवा. फोनवर सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि फोन-पे मात्र गरगर फिरत राहतं. काड्या सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, टॉवरवर जागा शिल्लक आहे का ते नाही. एअरफायबरही त्याच हवेतून येतं, त्यामुळं रात्री आठ ते दहा या वेळेत वेग पडू शकतो. शिवाय वावधानात अँटेनाची दिशा हलली की पुन्हा माणूस बोलवावा लागतो. टिनाच्या छतावर बसवताना पाइप नीट घट्ट करून घ्या.

मर्यादाही वेगळी आहे. "अनलिमिटेड" लिहिलेलं असलं तरी जिओच्या फायबरवर महिन्याला साधारण 3300 जीबी आणि एअरफायबरवर 1000 जीबीनंतर वेग कमी होतो. एका घराला 1000 जीबी सहसा पुरतं. कोचिंग क्लास किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्यानं मात्र याचा विचार करावा.

पैसे आणि वेग

जिओ फायबरचा 30 एमबीपीएसचा प्लॅन 2020 मध्ये 399 रुपयांना आला, एअरफायबरची सुरुवात 599 ला झाली. जाहिरातीतल्या दरावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 399 चे सुमारे 471 आणि 599 चे सुमारे 707 होतात. दर बदलत राहतात, त्यामुळं त्या दिवशीचा दर कर धरून विचारा. डबा कोणाच्या मालकीचा, अनामत किती आणि परत कधी, हेही बिलावर लिहून घ्या.

30 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 30 एमबी नव्हे. आठानं भागा, पावणेचार एमबी येतात. तेवढ्या वेगानं एक जीबीची फाइल साडेचार मिनिटांत उतरते. सरकारच्या व्याख्येत 2023 पासून किमान 2 एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात. त्या वेगानं तीच फाइल उतरायला तासापेक्षा जास्त लागेल. पोरांचा ऑनलाइन क्लास, टीव्ही आणि घरून काम करणारा एखादा, एवढ्यांना 30 भरपूर आहे. 100 चा प्लॅन विकणाऱ्याला सांगा, आधी 30 सलग महिनाभर चालवून दाखव.

ई-पीक पाहणीसाठी घरचं वायफाय कामाचं नाही, तिथं वावरात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. म्हणून मोबाइलचा रिचार्ज पूर्ण बंद करू नका.

सरकारी वायरीचं काय?

भारतनेटची फायबर देशातल्या 2 लाख 14 हजारांवर ग्रामपंचायतींपर्यंत नेल्याचं सरकारी आकडे सांगतात. ग्रामपंचायतीतल्या त्या पेटीचा दिवा लागतो का, हे ग्रामसभेत विचारायला काहीच हरकत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं 1 लाख 39 हजार 579 कोटींची सुधारित योजना मंजूर केली. त्यात स्थानिक उद्योजकांमार्फत दीड कोटी ग्रामीण घरांना कनेक्शन द्यायचं आहे, आणि ग्रामपंचायत नसलेल्या वाड्या-गावांना मागणीनुसार जोडणी आहे. मागणीनुसार म्हणजे कोणीतरी मागितली पाहिजे.

उपग्रहाच्या नेटचीही चर्चा आहे. महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर 2025 मध्ये स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं. त्यात नावं गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिवची आहेत. वाशिम शेजारीच, पण बुलढाणा त्यात नाही. त्याच्या भरवशावर आज थांबू नका.

घेण्याआधी आणि बिघडल्यावर

कंपनीच्या वेबसाइटवर पिनकोड टाकला की "सेवा उपलब्ध" येतं. एका पिनकोडात कितीतरी गावं असतात, त्यामुळं त्याला फार महत्त्व देऊ नका. त्यापेक्षा ज्याच्याकडं कनेक्शन आहे अशा शेजाऱ्याकडं रात्री नऊ वाजता जाऊन वेग तपासा आणि मागच्या पावसाळ्यात किती दिवस बंद होतं ते विचारा. मोबाइल कंपन्यांना आता 4जी-5जी कुठं मिळतं त्याचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात, एअरफायबर घेण्याआधी त्यात आपलं घर शोधा. पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरा. फुकट जोडणीच्या लालसेनं वर्षाचे पैसे दिले, तर बिघडल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही.

ट्रायचे 1 ऑक्टोबर 2024 पासूनचे नियम सांगतात की वायरच्या कनेक्शनमधला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई मिळाली पाहिजे. त्यासाठी तक्रारीचा नंबर हवा. केबलवाल्याला नुसता फोन केला, तर तक्रार झाल्याची कुठंच नोंद राहत नाही. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर किंवा अॅपवर तक्रार टाका, नंबर लिहून ठेवा आणि लाल दिव्याचा फोटो काढा. तिथं दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं. त्यापुढं बुलढाण्याचं जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.